गावात अनोळखी कुणी नसतं

अचानक झालेली भेट ही गोष्ट सांगणाऱ्याची जुनी सोय आहे, आणि शहरात ती सहज मिळते. डेव्हिड लीनच्या 'ब्रीफ एन्काउंटर'मध्ये (1945) रेल्वे स्टेशनवरच्या उपाहारगृहात एका बाईच्या डोळ्यात गेलेला कण तिथंच असलेला एक डॉक्टर काढून देतो आणि दोन संसारी माणसांचं आयुष्य ढवळून निघतं. ज्या एकांकिकेवरून हा चित्रपट निघाला ती लिहिणारा नोएल कॉवर्ड समलिंगी होता. इंग्लंडात दोन पुरुषांमधलं असं नातं 1967 पर्यंत गुन्हा होता, म्हणून त्या दोघांच्या दर गुरुवारच्या चोरट्या भेटींच्या आड कॉवर्डनं स्वतःचीच व्यथा दडवली, असं मानणारे समीक्षक आहेत. अँड्र्यू हेगच्या 'वीकेंड'ला (2011) काही दडवण्याची गरज उरली नव्हती. नॉटिंगहॅममध्ये शुक्रवारी रात्री दोन तरुण भेटतात, त्यातला एक लगेचच अमेरिकेला निघालेला असतो, आणि मधल्या दोन दिवसांत दोघंही स्वतःबद्दल असं काही बोलून बसतात जे ओळखीच्या माणसाशी कधी बोलले नसते.

आता हीच गोष्ट आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा किंवा संग्रामपूर तालुक्यातल्या एखाद्या गावात घडवून पाहा. जमत नाही. फाट्यावर एसटीतून उतरलेला माणूस पारापर्यंत पोचायच्या आत 'कोनाकडे आले पाव्हणे?' हा प्रश्न येतो आणि उत्तरासरशी त्याचं गाव, आडनाव, मामा-आत्या सगळं उलगडतं. अनोळखी राहण्याची मुभा तिथं कुणालाच नाही. मग 'अवचित भेट आणि त्यातून स्वतःची ओळख' या कथेचं गावात काय होतं? ही पुस्तिका ज्या लघुपटांभोवती बांधली आहे त्यांनी या प्रश्नाचं एक वेगळं उत्तर शोधलं आहे, आणि ते मला शहरी चित्रपटांतल्या उत्तरापेक्षा जास्त रोचक वाटतं. गावात अनोळखी माणूस भेटत नाही. रोजच्या पाहण्यातलं माणूस एक दिवस पहिल्यांदा दिसतं.

पुस्तिकेच्या मध्यभागी आहे रोहन परशुराम कानवडे यांचा 'उ उषाचा' (2019). अर्ध्या तासाहून छोटा. उषा शेतमजूर आहे, मुलांना एकटीनं वाढवणारी, अक्षरओळख नसलेली. गावातल्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेकडे ती ओढली जाते. ही ओढ तिला दोन गोष्टी करायला लावते: ती लिहा-वाचायला शिकू लागते, आणि आपण कोण आहोत याबद्दल तिनं जे गृहीत धरलं होतं ते तपासू लागते. कथा सांगायची तर एवढीच. पहिलीच्या पुस्तकातल्या 'उ उखळाचा'च्या चालीवर शीर्षक बेतलं आहे, त्यावर मी अधिक भाष्य करत नाही. ज्यानं पाटी हातात धरली आहे त्याला ते आपोआप कळेल.

या कथेतली मला सगळ्यात शहाणी वाटणारी बाब म्हणजे तिच्यातलं निमित्त. शेतमजूर बाईला गावात कुठं कुठं विनाकारण उभं राहता येतं याची यादी करा. विहीर, रेशन दुकान, दवाखाना, देऊळ, बांध. प्रत्येक ठिकाणी काम असावं लागतं. काम संपलं की 'काऊन उभी आहेस वं?' असं विचारणारं कुणीतरी असतंच. शाळेचं फाटक मात्र आईला मोकळं असतं. पोरांना सोडायला, आणायला, मधल्या सुट्टीत खिचडी मिळाली का ते बघायला ती तिथं जाऊ शकते आणि त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही. सकाळी सातला निंदणाला निघणारी आणि दिवस मावळता भाकरी थापायला बसणारी बाई दिवसाची पाच मिनिटं स्वतःच्या नावावर कशी करून घेते, हे ज्यांनी खामगाव-मेहकर रस्त्यावरून सकाळी गाडीत दाटीवाटीनं जाणाऱ्या मजूर बाया पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको. दुसरी गोष्ट म्हणजे त्या ओढीचा परिणाम. प्रेमात पडलेला नायक कविता करतो, व्यायाम सुरू करतो, हे आपण शेकडो वेळा पाहिलं. प्रेमात पडलेली बाई बाराखडी गिरवते, हे मराठी पडद्यावर मी तरी आधी पाहिलं नव्हतं.

कानवडे यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते कुठून आले याचा त्यांच्या चित्रपटांशी संबंध आहे. ते मुंबईच्या वस्तीत एका खोलीच्या घरात वाढले. वडील ड्रायव्हर होते. शिक्षण घरांच्या अंतर्गत सजावटीचं. चित्रपटाच्या कुठल्या संस्थेत ते शिकले नाहीत. 'सुंदर', 'खिडकी' असे लघुपट करत करत ते 'उ उषाचा'पर्यंत आले आणि तिथून 'साबर बोंडं' या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटापर्यंत. जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात 'साबर बोंडं'नं जागतिक कथापटांच्या विभागातला ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळवला. त्या महोत्सवात दाखवला गेलेला तो पहिला मराठी चित्रपट. त्याच वर्षी सप्टेंबरात तो आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या आणि तालुक्याच्या प्रेक्षकापर्यंत असे चित्रपट पोचतात ते बहुतेक मोबाइलवरूनच. एसटीच्या मागच्या सीटवर, कानात इअरफोन घालून. लघुपटाला ही जागा सोसते, कदाचित मानवतेही. एकट्यानं बघायच्या गोष्टी असतात.

'साबर बोंडं' लघुपट नाही, पण त्याला वगळून हा विषय पुढे सरकत नाही. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडील वारल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. तिथं बाळ्या हा लहानपणीचा मित्र त्याला पुन्हा भेटतो. बाळ्या शेतकरी, अविवाहित, घरच्यांच्या लग्नाच्या लकड्यानं जेरीस आलेला. म्हणजे इथंही कुणी अनोळखी नाही. जुनी ओळख नव्यानं होते आणि तिला निमित्त मृत्यूचं आहे. सुतकात माणसाला घर सोडता येत नाही, कामाला जाता येत नाही, पायात चप्पल घालता येत नाही. एरवी जाच वाटावा असा हा काळ शहरात सतत धावणाऱ्या आनंदला पहिल्यांदा थांबवतो. कानवडे यांच्या स्वतःच्या वडिलांच्या सुतकात नातेवाइकांनी लग्नाचा विषय काढून काढून त्यांना भंडावलं होतं, तिथून या कथेचं बी पडलं. बाळ्या आनंदसाठी निवडुंगाची फळं घेऊन येतो, तीच ही साबर बोंडं. आपल्याकडे कोरडवाहू वावराच्या धुऱ्यावर निवडुंग असतो. त्याच्या फळाचं बारीक कूस काढल्याशिवाय ते तोंडात घालता येत नाही आणि ते काढायचं काम प्रेमाशिवाय दुसऱ्यासाठी कुणी करत नाही. काहींना चित्रपट फार संथ वाटला. मला वाटला नाही. दहा दिवस सुतकात बसलेल्या माणसाला घड्याळ तसंच चालताना दिसतं.

बाळ्याच्या बाबतीत आपल्या जिल्ह्यातल्या वाचकाला एक गोष्ट चटकन जाणवेल, जी सनडान्सच्या प्रेक्षकाला जाणवली नसेल. वऱ्हाडात आज तिशी ओलांडलेली, लग्न न झालेली शेतकऱ्यांची मुलं गावोगाव आहेत. मुलीच्या बापाला जावई नोकरीवाला हवा, वावर असलं तरी चालेल पण वावरात राबणारा नको, ही तक्रार चिखलीच्या बाजारापासून शेगावच्या पारायणापर्यंत कुठंही ऐकायला मिळते. या सार्वत्रिक दुःखाच्या आड एखादा बाळ्या सहज लपून जातो. 'पोरगी भेटत नाही' असं म्हटलं की विषय संपतो, उलट सहानुभूती मिळते. शहरातल्या नोकरदार मुलाला तिशीनंतर जी उलटतपासणी सोसावी लागते ती त्याच्या वाट्याला येत नाही. शेतीच्या अरिष्टानं एखाद्याला असा आडोसा मिळावा, याला काय म्हणावं ते मला सुचत नाही.

असाच दुसरा आडोसा जवळिकीचा. दोन गडी एका मोटरसायकलवर खेटून बसलेले, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून आठवडी बाजारात फिरणारे, उन्हाळ्यात गच्चीवर एकाच अंथरुणावर झोपलेले, हे दृश्य आपल्याला इतकं सवयीचं आहे की त्याकडे कुणी वळून पाहत नाही. लग्नघरी दहा बाया एका खोलीत आडव्या होतात. तरुण-तरुणी चार हातांवर उभे राहून बोलले तरी गावभर होतं. त्यामुळे 'आपल्या इकडे असं काही नसते बाप्पा' हे वाक्य अगदी प्रामाणिकपणे बोललं जातं. बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर असलेलं त्याला दिसत नसतं. हे वाक्य मी प्राध्यापकांकडून ऐकलं आहे, कीर्तनकारांकडून ऐकलं आहे आणि एकदा एका माणसाकडून ऐकलं, ज्याच्याबद्दल सगळ्या गावाला माहीत होतं.

मराठीत हा विषय नवा नाही. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' 1981 मध्ये रंगभूमीवर आलं. रोहिणी हट्टंगडींनी साकारलेली मित्रा हे मराठी रंगभूमीवरचं बाईवर प्रेम करणाऱ्या बाईचं पहिलं ठळक पात्र म्हणायला हरकत नाही. रवी जाधवांनी तेंडुलकरांच्याच कथेवरून 'मित्रा' हा लघुपट केला आणि त्याला 62 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत लघुकथापटाचा मान मिळाला. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' (2006) कादंबरीत पुण्याच्या एका घरात भाडेकरू येतो आणि त्या घरातले भाऊ-बहीण दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. अवचित येणाऱ्या माणसाची कथा इतकी नेमकी मराठीत क्वचितच कुणी बांधली असेल. अमोल पालेकरांच्या 'थांग'मध्ये (2006) नवऱ्याचं पुरुषाशी असलेलं नातं बायकोसमोर येतं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि 'पार्टनर' लिहिलं. हे वपुंच्या 'पार्टनर'हून वेगळं पुस्तक. ग्रंथालयात मागताना लेखकाचं नाव सांगा. मुंबईत रियाद वाडियांचा 'बॉमगे' हा छोटासा चित्रपट 1996 मध्ये तयार झाला, तो पुणे विद्यापीठात शिकवणाऱ्या आर. राज राव यांच्या कवितांवर. 2010 पासून श्रीधर रंगायन यांनी मुंबईत 'कशिश' महोत्सव भरवायला सुरुवात केली आणि अशा लघुपटांना हक्काचा पडदा मिळाला.

ही यादी वाचताना एक गोष्ट खटकते. सगळं मुंबई-पुण्याचं आहे, आणि पात्रं बहुतेक शिकलेली, मध्यमवर्गीय. विदर्भाच्या वाट्याला या इतिहासात जे एक मोठं नाव येतं ते फार दुःखाचं आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस मूळ नागपूरचे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. 'पायाखालची हिरवळ' हा त्यांचा कवितासंग्रह. फेब्रुवारी 2010 मध्ये काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले, एका पुरुषासोबत त्यांचं चित्रण केलं, आणि विद्यापीठानं त्यांना निलंबित केलं. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली. आठवड्याभरात, 7 एप्रिलला, ते घरात मृतावस्थेत सापडले. हंसल मेहता यांच्या 'अलीगढ'मध्ये मनोज बाजपेयींनी त्यांची भूमिका केली. कॅमेऱ्यानं एका मराठी कवीचं खासगीपण कसं लुटलं हे ज्यानं वाचलं आहे, त्याला अशा विषयाकडे कॅमेरा घेऊन जाणाऱ्याकडून जास्तीची अपेक्षा ठेवावीच लागते. म्हणूनच मला 'उ उषाचा' महत्त्वाचा वाटतो. त्यातला कॅमेरा उषाला पकडायला आलेला नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगून टाकतो, कारण प्रश्न हमखास विचारला जातो. इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातलेलं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम दिल्ली उच्च न्यायालयानं 2 जुलै 2009 ला संमतीच्या प्रौढ संबंधांपुरतं रद्द ठरवलं, सर्वोच्च न्यायालयानं 11 डिसेंबर 2013 ला ते परत आणलं, आणि त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं 6 सप्टेंबर 2018 ला असे संबंध कायमचे गुन्ह्याबाहेर काढले. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात लग्नाचा अधिकार मात्र मिळाला नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत 377 कलम नाहीच. म्हणजे 'उ उषाचा' आला तेव्हा 2018 च्या निकालाला फार दिवस झाले नव्हते. लघुपटात मला कोर्ट ऐकू येत नाही आणि उषाला त्या निकालाची बातमी मिळाली असेल असंही वाटत नाही.

कायद्यापेक्षा इथं जास्त गरज आहे ती आणखी एका माहितीची. मुलगा किंवा मुलगी 'तशी' आहे असं कळल्यावर आपल्याकडची घरं तीन गोष्टी करतात: मोबाइल काढून घेतात, घाईनं स्थळ पाहतात, नाहीतर कुणा बाबाकडे किंवा डॉक्टरकडे 'इलाजाला' नेतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 17 मे 1990 ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असा 'इलाज' करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. अकोल्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वाटेनं मुलाला घेऊन निघालेल्या बापाला हे निघण्याआधी कळलं तर दोघांचेही हाल वाचतील. नागपुरात सारथी ट्रस्ट यावर काम करतो, हेही सांगून ठेवतो.

काही मित्रांनी विचारलं, असला विषय बुलढाण्यासारख्या ठिकाणी कशाला? त्यांना मी ताराबाई शिंद्यांचं नाव सांगतो. 'स्त्रीपुरुषतुलना' हे 1882 मध्ये छापलं गेलेलं पुस्तक बुलढाण्याच्या बाईनं लिहिलं. वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली आणि त्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं, ते वाचून ताराबाई पेटल्या. विजयालक्ष्मीला त्या कधीही भेटल्या नव्हत्या. छापील बातमीतून झालेली ती भेट, आणि तिनं त्यांना असं काही लिहायला लावलं की पुढे जोतीराव फुल्यांना 'सत्सार'मधून त्यांची बाजू घ्यावी लागली. नंतर हे पुस्तक जवळजवळ शंभर वर्षं विस्मरणात गेलं, स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ते पुन्हा उजेडात आणलं. ताराबाईंनी या पुस्तिकेच्या विषयाबद्दल काहीच लिहिलेलं नाही आणि त्यांना ओढूनताणून या बाजूला उभं करणं बरोबर नाही. पण घराच्या आतल्या गोष्टी चारचौघांत बोलू नयेत हा नियम या गावात एका बाईनं त्या काळी मोडून दाखवला आहे, एवढं लक्षात असू द्यावं.

या चित्रपटांबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती नोंदवून ठेवतो. त्यांतली माणसं फार समजूतदार आहेत. 'साबर बोंडं'मध्ये आनंदच्या आई-वडिलांना त्याच्याबद्दल माहीत असतं आणि आई नातेवाइकांसमोर त्याची बाजू सांभाळून घेते. अशी घरं आहेत, कानवडे यांचं स्वतःचं घर तसं होतं, आणि ती पडद्यावर यायला हवीत. मित्राच्या आणि सिरसांच्या शेवटानंतर जिवंत राहणारी पात्रं पाहणं हाच दिलासा आहे. पण ज्या पोराचा बाप असा नाही, त्यानं पडद्याकडे पाहून काय न्यायचं? कानवडे यांचं काम त्याला उत्तर देण्याचं नसेल. ते कुणीतरी दुसऱ्यानं, बहुधा इथल्याच कुणीतरी, वऱ्हाडीत, करायला हवं. कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

शिक्षकांसाठी हा लघुपटांचा संच दाखवण्याची सूचना पुष्कळांनी केली; उषाच्या कथेत शिक्षिका आहे म्हणून ती योग्यही आहे. माझी सूचना वेगळी आहे. पहिला खेळ बचत गटातल्या बायांसाठी लावा, आणि आधी भाषण नको. कॉलेजातल्या चर्चेत आपण सगळे 'प्रतिनिधित्व' आणि 'स्वीकार' यांवर बोलू. त्या बाया आधी उषाचं शेतातलं काम बघतील. तिचा हात कामावर बसलेला आहे की नटीनं शिकून घेतलेला, हे त्या पाच मिनिटांत सांगतील, आणि तिथं काही खोटं वाटलं तर पुढचं सगळं त्यांच्या लेखी बाद. खरं वाटलं, तर शिक्षिकेकडे बघणाऱ्या उषाबद्दल त्या काय बोलतील, याचा अंदाज मला आत्ता करता येत नाही.